श्रीमंतीच्या उंबरठ्यावरचा कादंबरीकार : एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड

१० एप्रिल १९२५ रोजी न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नर्स या प्रकाशनसंस्थेने ‘द ग्रेट गॅट्स्बी’ ही छोटेखानी कादंबरी प्रसिद्ध केली. किंमत दोन डॉलर. पहिले मुद्रण वीस हजारांहून थोड्या अधिक प्रतींचे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणखी तीन हजार प्रती छापण्यात आल्या. त्यांतील काही प्रती पंधरा वर्षांनी लेखकाचा मृत्यू झाला तेव्हाही गोदामात पडून होत्या. आज हीच कादंबरी विसाव्या शतकातील श्रेष्ठ अमेरिकी कादंबऱ्यांत गणली जाते आणि आपल्याकडील विद्यापीठांतही अमेरिकी साहित्याच्या अभ्यासक्रमात ती शिकवली जाते. संपत्ती, गमावलेले प्रेम आणि भ्रमनिरास यांची ही कहाणी फ्रान्सिस स्कॉट की फिट्झजेराल्ड याने वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी पूर्ण केली. पैशाने काय विकत घेता येत नाही, हे त्याने या पुस्तकात निःसंदिग्धपणे दाखवून दिले; मात्र स्वतःच्या आयुष्यात पैशाच्या पाठलागातून त्याला अखेरपर्यंत बाहेर पडता आले नाही.

सेंट पॉलमधील बालपण

फिट्झजेराल्डचा जन्म २४ सप्टेंबर १८९६ रोजी मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल या शहरात झाला. अमेरिकेच्या राष्ट्रगीताचा कर्ता फ्रान्सिस स्कॉट की हा त्याच्या पित्याच्या नात्यातला. त्याचेच नाव मुलाला देण्यात आले. वडील एडवर्ड हे मेरीलँडमधील जुन्या घराण्यातले, रीतीभातींत चोख, पण व्यवहारात अपयशी. आई मॉली ही घाऊक किराणा व्यापारात पैसा कमावलेल्या आयरिश स्थलांतरिताची मुलगी. एका बाजूला पैसा नसलेले घराणे आणि दुसऱ्या बाजूला घराणे नसलेला पैसा, असा दुहेरी वारसा त्या मुलाच्या वाट्याला आला. स्कॉटच्या जन्माच्या थोडेच आधी त्याच्या दोन बहिणी दगावल्या होत्या. त्यामुळे आईने त्याला जिवापाड जपले.

वडिलांचा वेताच्या फर्निचरचा व्यवसाय बुडाला. त्यानंतर त्यांनी प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीत विक्रेत्याची नोकरी धरली आणि कुटुंब न्यूयॉर्क राज्यात गेले. १९०८ मध्ये ती नोकरीही गेली. तेव्हा स्कॉट अकरा वर्षांचा होता. ही बातमी कळताच पोहायला जाण्यासाठी आईने दिलेले नाणे त्याने तिला परत केले आणि आपल्याला अनाथ-गरिबांच्या आश्रयगृहात जावे लागू नये, अशी मनोमन प्रार्थना केली. सकाळी आत्मविश्वासाने घराबाहेर पडलेले वडील संध्याकाळी खचलेले वृद्ध होऊन परतले, ही आठवण त्याने पुढे अनेक वर्षांनीही सांगितली. कुटुंब सेंट पॉलला परत आले आणि आईच्या वडिलोपार्जित पैशावर जगू लागले. शहरातील धनिकांचे वाडे समिट अॅव्हेन्यू या रस्त्यावर होते. फिट्झजेराल्ड कुटुंब त्याच परिसरात, पण एकामागून एक भाड्याच्या घरांत राहिले. श्रीमंत मुलांच्या खेळांत आणि नृत्यवर्गांत त्याला प्रवेश होता. तरीही आपण त्यांच्यातले नाही, ही जाणीव त्याला त्या वयातच झाली होती.

लेखनाची ओढ लवकर लागली. १९०९ मध्ये शाळेच्या नियतकालिकात त्याची एक रहस्यकथा छापून आली. पुढे न्यू जर्सीतील कॅथलिक निवासी शाळा आणि १९१३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठ, असा त्याचा प्रवास झाला. फुटबॉलच्या संघात निवड व्हावी ही त्याची महत्त्वाकांक्षा लगेचच संपली. विद्यार्थ्यांच्या संगीतिकांसाठी लिहिण्यात मात्र तो रमला. पुढे श्रेष्ठ समीक्षक म्हणून नावारूपास आलेला एडमंड विल्सन हा त्याचा तिथला मित्र. अभ्यासाकडे दुर्लक्ष झाले आणि पदवी न घेताच त्याने विद्यापीठ सोडले.

दोन नकार

जानेवारी १९१५ मध्ये सेंट पॉलमधील एका समारंभात त्याची जिनेव्रा किंग हिच्याशी भेट झाली. ती सोळा वर्षांची, शिकागोतील धनाढ्य शेअरदलालाची मुलगी. दोघांत दीर्घ पत्रव्यवहार झाला. १९१६ च्या ऑगस्टमध्ये तो शिकागोजवळच्या लेक फॉरेस्ट या धनिकांच्या वसाहतीत तिच्याकडे गेला. गरीब मुलांनी श्रीमंत मुलींशी लग्नाचा विचार करू नये, अशा अर्थाचे शब्द त्या सुमारास त्याच्या कानी पडले आणि त्याने ते आपल्या वहीत टिपून ठेवले. पुढच्याच वर्षी जिनेव्राने संबंध तोडले आणि १९१८ मध्ये आपल्याच वर्तुळातील एका तरुणाशी विवाह केला. तिची पत्रे त्याने टंकलिखित करून घेतली, त्यांचे बाड बांधले आणि ते जन्मभर जपून ठेवले.

अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरल्यावर १९१७ मध्ये तो सैन्यात दाखल झाला. आपण युद्धातून परत येणार नाही, असे त्याच्या मनाने घेतले होते. म्हणून प्रशिक्षणाच्या काळात मिळेल त्या सुट्टीत बसून त्याने एक कादंबरी घाईघाईने लिहून काढली. स्क्रिब्नर्सने ती नाकारली. जुलै १९१८ मध्ये अलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथे त्याची झेल्डा सेयर हिच्याशी ओळख झाली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायाधीशाची ती मुलगी. वय अठरा, बिनधास्त आणि शहरभर चर्चेत असलेली. त्याला आघाडीवर पाठवण्यापूर्वीच युद्ध संपले. १९१९ च्या आरंभी तो न्यूयॉर्कला आला आणि एका जाहिरातसंस्थेत महिना नव्वद डॉलरवर काम करू लागला. दिवसा जाहिरातींच्या ओळी आणि रात्री कथा. कथा परत येत राहिल्या. नकाराच्या शंभरावर चिठ्ठ्यांची त्याने आपल्या खोलीच्या भिंतीवर रांग लावली. अशा तुटपुंज्या मिळकतीच्या माणसाबरोबर आयुष्य काढण्याची झेल्डाची तयारी नव्हती. जून १९१९ मध्ये तिने वाङ्निश्चय मोडला.

नोकरी सोडून तो सेंट पॉलला परतला आणि आईवडिलांच्या घराच्या वरच्या मजल्यावर बसून त्याने नाकारलेली कादंबरी पुन्हा लिहिली. सप्टेंबरमध्ये स्क्रिब्नर्सने ती स्वीकारली. या स्वीकारामागे मॅक्सवेल पर्किन्स हा तरुण संपादक होता. पुढे आयुष्यभर तो फिट्झजेराल्डचा आधार ठरला. ‘धिस साइड ऑफ पॅरडाइज’ २६ मार्च १९२० रोजी प्रकाशित झाली आणि पहिल्या तीन हजार प्रती तीन दिवसांत संपल्या. त्यानंतर आठच दिवसांनी, ३ एप्रिल रोजी, न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमध्ये स्कॉट आणि झेल्डा विवाहबद्ध झाले.

यश आले आणि त्याबरोबर झेल्डाही आली. पण खिशात पैसे नसताना जे मिळाले नव्हते तेच पैसा येताच मिळाले, हे तो कधी विसरला नाही. श्रीमंत वर्गाविषयीचा खोल अविश्वास आणि त्याच वर्गासारखे जगण्याची अनावर ओढ या दोन्ही गोष्टी त्याच्या मनात शेवटपर्यंत शेजारी शेजारी राहिल्या. ‘गॅट्स्बी’ची बीजे या दोन नकारांत आहेत. एका नकाराचे पुढे होकारात रूपांतर झाले, एवढाच काय तो फरक.

कादंबरीचा जन्म

१९२० चे दशक हे अमेरिकेत भरभराटीचे, जॅझ संगीताचे आणि दारूबंदीचे दशक. १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टेल्स ऑफ द जॅझ एज’ या त्याच्या कथासंग्रहामुळे त्या काळाला ‘जॅझ युग’ हे नाव सर्वतोमुखी झाले. नवविवाहित फिट्झजेराल्ड दांपत्य या युगाचे प्रतीक बनले. १९२१ मध्ये त्यांना मुलगी झाली. तिला सारे स्कॉटी म्हणत. मासिकांतील कथांना भरघोस मानधन मिळू लागले, पण खर्च त्याहून वेगाने वाढला. फिट्झजेराल्डला जमाखर्च लिहून ठेवण्याची सवय होती. कोणत्या कथेचे किती पैसे आले, दलालाचे किती गेले, वर्षाची बेरीज किती, हे त्याच्या वहीत त्याच्याच अक्षरात नोंदलेले आहे. जमेची बाजू इतकी नीट लिहिणाऱ्या या माणसाला पैसा जातो कुठे, हे मात्र उमगत नसे. वर्षाला छत्तीस हजार डॉलर मिळवूनही भागत का नाही, या विषयावर त्याने १९२४ मध्ये एक विनोदी लेखच लिहिला आणि त्याचेही मानधन घेतले.

१९२२ च्या ऑक्टोबरमध्ये हे कुटुंब न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील ग्रेट नेक या गावी राहायला गेले. तिथे नाटक-चित्रपटांतून आणि धंद्यांतून नव्याने पैसा मिळवलेल्या लोकांची वस्ती होती. खाडीपलीकडे पिढीजात धनिकांचे वाडे होते. दारूबंदीचा कायदा लागू असताना या भागातील मेजवान्यांत दारूचा पूर वाहत असे आणि चोरट्या दारूच्या व्यापारातून गबर झालेले लोक प्रतिष्ठितांच्या पंगतीला बसत. शहराकडे जाताना वाटेत क्वीन्स भागातील राखेचे उघडे ढिगारे लागत. नवश्रीमंतांचे वेस्ट एग, गर्भश्रीमंतांचे ईस्ट एग आणि मधली राखेची दरी, असा कादंबरीचा सारा भूगोल त्याला इथे मिळाला. याच काळात त्याच्या एका नाटकाचा प्रयोग पार कोसळला आणि त्या कर्जातून बाहेर पडण्यासाठी एका हिवाळ्यात त्याने रात्र रात्र जागून मासिकांसाठी कथा लिहिल्या. १९२४ च्या वसंतात, फ्रान्समध्ये कमी खर्चात राहता येईल या हिशेबाने, तो कुटुंबासह युरोपला निघाला.

कादंबरीचा पहिला पूर्ण खर्डा त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आणि शरदात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर लिहिला गेला. याच काळात झेल्डा एका फ्रेंच वैमानिकात गुंतली. ते प्रकरण किती पुढे गेले याविषयी चरित्रकारांत मतभेद आहेत. फिट्झजेराल्डच्या मनावर मात्र त्याने कायमचा ओरखडा काढला. गमावलेल्या प्रेमाविषयी लिहीत असतानाच प्रेम गमावण्याचा अनुभव तो पुन्हा घेत होता.

कादंबरीचे कथानक थोडक्यात असे : नॉर्थ डाकोटातील गरीब शेतकऱ्याचा मुलगा जेम्स गॅट्झ स्वतःला जे गॅट्स्बी हे नवे नाव देतो. सैन्याधिकारी असताना लुइव्हिल येथील डेझी या श्रीमंत तरुणीवर त्याचे प्रेम जडते. तो युद्धावर असताना ती टॉम ब्युकॅनन या धनाढ्याशी लग्न करते. पाच वर्षांत गॅट्स्बी बेकायदा धंद्यांतून अमाप पैसा मिळवतो, डेझीच्या घरासमोर खाडीच्या अलीकडे महाल घेतो आणि ती कधीतरी येईल या आशेने मेजवान्या देत राहतो. ती येते. पण गेलेली पाच वर्षे पुसून टाकण्याचा त्याचा अट्टाहास तिला पेलवत नाही. डेझीच्या हातून मोटारीखाली एका स्त्रीचा मृत्यू होतो, गॅट्स्बी तो दोष स्वतःवर घेण्याची तयारी ठेवतो आणि मृत स्त्रीचा पती त्याला गोळी घालतो. डेझी आणि टॉम निघून जातात. मेजवान्यांना लोटणाऱ्या गर्दीतले जवळजवळ कोणीही अंत्ययात्रेला येत नाही.

हे सारे निक कॅरावे हा डेझीचा दूरचा भाऊ सांगतो. निवेदकाची ही योजना कादंबरीचे खरे सामर्थ्य ठरली. निकला गॅट्स्बीचा भपका खटकतो, पण त्याच्या स्वप्नाची उंची दिसल्यावाचूनही राहत नाही. फिट्झजेराल्डमधील मेजवानीत दंग होणारा आणि दाराशी उभा राहून पाहणारा, असे दोन्ही माणूस इथे वेगळे झाले आणि एकाने दुसऱ्याची कहाणी सांगितली. पर्किन्सने हस्तलिखित वाचून नायक धूसर राहिल्याचे आणि त्याचा पूर्वेतिहास एकाच ठिकाणी साचल्याचे दाखवून दिले. फिट्झजेराल्डने १९२४-२५ च्या हिवाळ्यात रोममध्ये बसून मुद्रितांवरच प्रकरणे नव्याने रचली आणि गॅट्स्बीचे गतायुष्य तुकड्यातुकड्यांनी उलगडत नेले. शीर्षकाविषयी तो शेवटपर्यंत साशंक होता. छपाई होत आल्यावरही नाव बदलण्यासाठी त्याने तार केली, पण तोवर वेळ निघून गेली होती.

पाऊण लाख प्रती खपतील, अशी त्याची अपेक्षा होती. प्रत्यक्षात विक्री तिच्या एक तृतीयांशाच्याही आत राहिली. टी. एस. एलियट आणि ईडिथ व्हार्टन यांनी पत्रे लिहून दाद दिली, पण काही वृत्तपत्रांनी पुस्तक किरकोळ ठरवले. शीर्षक बरे नाही आणि स्त्री-वाचकांना जवळची वाटेल अशी प्रबळ स्त्री-व्यक्तिरेखा नाही, अशी कारणे त्याने स्वतःच शोधली.

उतरती कळा

१९२५ च्या वसंतात पॅरिसमध्ये त्याची अर्नेस्ट हेमिंग्वेशी मैत्री झाली. तेव्हा फारसे कोणाला ठाऊक नसलेल्या हेमिंग्वेला स्क्रिब्नर्सकडे आणण्यात त्याचा मोठा वाटा होता. पुढे हेमिंग्वेची कीर्ती चढत गेली आणि त्याची उतरत गेली. पुढची कादंबरी पूर्ण व्हायला नऊ वर्षे लागली. मद्यपान वाढले. १९२९ मध्ये ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ हे साप्ताहिक त्याला एका कथेचे चार हजार डॉलर देत होते, तर त्याच वर्षी त्याच्या सर्व पुस्तकांचे मिळून स्वामित्वधन बत्तीस डॉलरही भरले नाही. घर कथांवर चालत होते आणि कथांमुळे कादंबरी मागे पडत होती.

एप्रिल १९३० मध्ये झेल्डाचे मानसिक संतुलन ढासळले. नृत्यांगना होण्यासाठी तिने वयाच्या सत्ताविशीत घेतलेले अतोनात कष्ट त्याआधीच तिच्या प्रकृतीवर उठले होते. स्वित्झर्लंडमधील आणि पुढे अमेरिकेतील उपचारगृहांत तिचे उर्वरित आयुष्य आत-बाहेर करण्यात गेले. १९३२ मध्ये उपचार चालू असतानाच तिने ‘सेव्ह मी द वॉल्ट्झ’ ही कादंबरी लिहिली. आपल्या संसाराची सामग्री तिने आपल्याआधी वापरली म्हणून फिट्झजेराल्ड संतापला. वास्तविक तिच्या दैनंदिनी आणि पत्रांतील मजकूर तो स्वतः वर्षानुवर्षे आपल्या लेखनात वापरत आला होता. या दांपत्याच्या कहाणीत झेल्डावर झालेला हा अन्याय नजरेआड करता येत नाही. त्याच वेळी तिच्या उपचारांत आणि मुलीच्या शिक्षणात काही कमी पडू नये म्हणून त्याने उचल घेतली, उधारी केली आणि मिळेल ते लिहिले, हेही तितकेच खरे आहे.

‘टेंडर इज द नाइट’ १९३४ मध्ये आली, तेव्हा देश महामंदीत होरपळत होता. रिव्हिएराच्या किनाऱ्यावरील श्रीमंतांच्या दुःखात रस घेण्याच्या मनःस्थितीत वाचक नव्हते. १९३६ मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकात त्याने तीन लेखांतून स्वतःच्या मोडून पडण्याची कबुली दिली. मित्रांना ते प्रदर्शन वाटले. आज ते लेख त्याच्या उत्तम गद्यात गणले जातात.

१९३७ मध्ये कर्ज फेडण्यासाठी तो हॉलिवूडला गेला. मेट्रो-गोल्डविन-मेयरने आठवड्याला हजार डॉलरवर त्याला नेमले. बरेचसे कर्ज त्याने फेडले, पण पटकथालेखक म्हणून त्याचे नाव पडद्यावर झळकले ते ‘थ्री कॉम्रेड्स’ या एकाच चित्रपटावर. करार वाढवून मिळाला नाही. एकेकाळी कथेला चार हजार घेणारा हा लेखक आता अडीचशे डॉलरला कथा देऊ लागला. त्याच्या हयातीतील स्वामित्वधनाचा शेवटचा धनादेश होता १३ डॉलर १३ सेंटचा. तरीही चित्रपटनिर्मात्याच्या जीवनावरील एका नव्या कादंबरीवर तो झपाटून काम करीत होता. २१ डिसेंबर १९४० रोजी हॉलिवूडमध्ये आपली मैत्रीण, स्तंभलेखिका शीला ग्रॅहम हिच्या घरी, प्रिन्स्टनच्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात फुटबॉलसंघाविषयी वाचत असताना हृदयविकाराच्या झटक्याने तो कोसळला. वय अवघे चव्वेचाळीस.

मेरीलँडमधील रॉकव्हिल येथे मोजक्या लोकांच्या उपस्थितीत त्याचा दफनविधी झाला. झेल्डा येऊ शकली नाही. धर्माचरण सोडलेल्या फिट्झजेराल्डला वडिलांच्या शेजारी कॅथलिक दफनभूमीत जागा नाकारण्यात आली. त्यामुळे दुसऱ्या दफनभूमीत त्याला पुरले. १० मार्च १९४८ रोजी उत्तर कॅरोलिनातील रुग्णालयाला लागलेल्या आगीत झेल्डाचा मृत्यू झाला आणि तिलाही त्याच्याशेजारीच चिरविश्रांती मिळाली.

मृत्यूनंतरचे आयुष्य

अपूर्ण राहिलेली कादंबरी एडमंड विल्सनने संपादित करून १९४१ मध्ये ‘द लास्ट टायकून’ या नावाने प्रसिद्ध केली आणि समीक्षकांचे लक्ष पुन्हा फिट्झजेराल्डकडे वळले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना गणवेशाच्या खिशात मावतील अशी पुस्तके मोफत वाटली जात. त्या योजनेत ‘गॅट्स्बी’च्या दीड लाखांवर प्रती छापल्या गेल्या. लेखकाच्या हयातीत विकल्या गेलेल्या प्रतींच्या कित्येक पट वाचक तिला असे विनामूल्य मिळाले. पुढच्या दशकात ती वर्गावर्गांत पोहोचली. चित्रपटही अनेक निघाले. २०१३ च्या चित्रपटात चोरट्या धंद्यांतला गॅट्स्बीचा साथीदार मायर वुल्फशाइम ही भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली. आपल्याकडील अनेकांना या कथेची ओळख त्यानिमित्ताने झाली. १ जानेवारी २०२१ पासून अमेरिकेत ती स्वामित्वहक्कातून मुक्त झाली असून आता कोणीही ती छापू शकतो.

१९७५ मध्ये चर्चने आपला जुना निर्णय बदलला. स्कॉट आणि झेल्डा यांचे अवशेष रॉकव्हिलच्या सेंट मेरीज चर्चच्या आवारात, त्याच्या वडिलांच्या कुटुंबीयांजवळ हलवण्यात आले. नोकरी गमावून घरी परतलेल्या ज्या पित्याला पाहून अकरा वर्षांच्या मुलाला गरिबीची पहिली धास्ती वाटली होती, त्याच्याच शेजारी तो आता विसावला आहे. समाधीच्या शिळेवर ‘गॅट्स्बी’चे अखेरचे वाक्य कोरलेले आहे. ते वाचण्यासाठी दूरदूरहून वाचक येतात आणि जाताना शिळेवर नाणी ठेवून जातात.